कॅप्टनसमोरचा गुळाचा खडा

एडिनबरा,
ज्येष्ठातली एकादशी (उपास आहे, काकूंना सांगा)

तीर्थस्वरूप तात्यांच्या पायांशी,

कमलाकरचा साष्टांग नमस्कार. हा नुसता लिहायचा नमस्कार नव्हे, पत्राला बसण्याआधी मी तो पूर्वेकडे तोंड करून खरोखर घातला. इथे घरभर गालिचा असल्यामुळे साष्टांग घालताना गुडघ्यांना त्रास होत नाही, फक्त उठताना डोकं रेडिएटरवर आपटतं. तुमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे काकूंकडून कळलं आणि देवापुढे साखर ठेवली. काळा चष्मा लावता ना? डॉक्टरांनी महिनाभर लावा म्हटलं आहे, पण तुम्ही दोन महिने लावलात तरी चालेल. सहा महिने लावलात तर फारच उत्तम. बाहेर जाताना, देवळात, कारखान्यात, कोणी भेटायला आलं तर, सगळीकडे लावावा असं माझं मत आहे. त्यामागचं कारण पत्राच्या ओघात येईल, किंवा येणार नाही.

काकूंचे गुडघे कसे आहेत? यंदा गणपतीच्या ऑर्डरी किती? शाडू चांगली मिळाली का? अन्वी आता सोळा वर्षांची झाली आणि माझ्यापेक्षा उंच दिसते. सुप्रभा हॉस्पिटलात वॉर्डची मुख्य नर्स झाली, त्यामुळे घरीही आम्हाला सकाळी सातला कोणाला काय होतंय असं विचारलं जातं. मी अजून त्याच फ्रेमच्या दुकानात आहे. लोक चित्रं आणतात, मी त्यांना चौकटी करतो. गावच्या शाळेत बावीस वर्षं चित्रकला शिकवली, आता दुसऱ्यांच्या चित्रांच्या कडा मोजतो. तक्रार नाही. देवाने माणसाला कुठे ठेवावं याचं गणित देवाकडे असतं, आणि ते तो आपल्याला तपासायला देत नाही.

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, असं तुम्ही म्हणाल. त्याचं असं आहे की फोनवर तुम्ही "बोल" म्हणालात की माझा मुद्दा नाहीसा होतो आणि मी हवामान सांगू लागतो. गेल्या महिन्यात तीन वेळा फोन केला तो एकाच गोष्टीसाठी, आणि तिन्ही वेळा तुम्हाला इथल्या पावसाची माहिती मिळाली. म्हणून पत्र.

तर झालं असं. गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या दुकानात मोराग नावाच्या एक बाई आल्या. (इकडच्या आहेत. वयाने माझ्याहून लहान, पण मी अहो म्हणतो, इंग्रजीत अहो म्हणता येत नाही तरी मनात म्हणतो.) त्या एका छोट्या प्रकाशन कंपनीत संपादक आहेत. जुन्या इंग्रजी साहसकथा, म्हणजे समुद्र, जहाजं, बेटं, पुरलेला खजिना अशा दीडशे वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या, त्या नव्याने आणि हाताने रंगवलेल्या चित्रांसह छापतात. अशाच एका जुन्या पुस्तकातलं चित्र त्यांनी चौकटीला आणलं होतं. मी पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं की चित्रकाराने बाकी सगळं छान केलंय, पण डोळे घाईत उरकलेत. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय ठाऊक. मी मोबाइलवर इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीचा फोटो दाखवला, ज्याच्या डोळ्यांची आखणी मी केली होती. बाई बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हा माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, त्याचं कामच ते आहे. आठ दिवसांनी त्यांनी मला एक कादंबरी आणून दिली आणि बारा रंगीत चित्रं काढाल का म्हणून विचारलं. पुस्तकात आत माझं नाव येणार होतं, पूर्ण पान मोकळं सोडून, मधोमध: चित्रे, कमलाकर. तात्या, मी त्या दिवशी घरी चालत आलो. बस मागून दोनदा गेली.

कादंबरी चाच्यांची आहे, म्हणजे समुद्रावरच्या दरोडेखोरांची. कॅप्टन स्टर्क नावाचा एक महादुष्ट माणूस जहाजं लुटतो. (महादुष्ट हा शब्द पुस्तकाच्या मागच्या बाजूला छापला आहे, म्हणून लिहिला. माझं स्वतःचं मत हळूहळू सांगतो.) पहिली चार चित्रं जानेवारीत द्यायची ठरली. मी समुद्र रंगवला, शिडं रंगवली, दोर रंगवले. दोरांना फार वेळ लागला, चाच्यांना इतके दोर का लागतात कोण जाणे. डोळे मात्र तुमच्या शिस्तीप्रमाणे शेवटी ठेवले. आणि नेमकी चित्रं द्यायची त्या दिवशी निघाली अमावस्या.

आता अमावस्येला आखणी कशी करणार? तुमच्या कारखान्यात त्या दिवशी आखणीच्या ब्रशलासुद्धा सुट्टी असते. पण दिलेला शब्द मोडणं बरं नाही, म्हणून मी चित्रं तशीच नेऊन दिली आणि डोळे परवा येऊन घालतो असा निरोप ठेवला. तो निरोप कुणीतरी रद्दीत टाकला. कंपनीच्या मीटिंगमध्ये चारही चित्रं भिंतीवर लावली गेली. सत्तावीस चाचे, कोणालाही डोळे नाहीत, सगळे पांढरे गोल घेऊन समोर बघतायत. विक्री विभागाचे गृहस्थ म्हणे खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. एका बाईंना ही शैली फार धाडसी आणि आजच्या काळाला धरून आहे असं वाटलं. मोरागनी सर्वांना समजावलं की चित्रकाराला यातून माणसाच्या आत्म्याची पोकळी दाखवायची आहे. त्यावर चर्चा झाली. मंजूरही झालं.

परवाच्या दिवशी मी आंघोळ करून, ब्रश आणि रंग घेऊन, मौन धरून त्यांच्या ऑफिसात हजर झालो. (आखणीच्या आधी आणि आखणी होईपर्यंत बोलायचं नाही, ही तुमची शिकवण.) चित्रं मीटिंगच्या खोलीत होती. मी दाराबाहेर बूट काढले, आत जाऊन खाली मांडी घातली आणि कामाला लागलो. त्रेपन्न डोळे होते, कारण एकाच्या एका डोळ्यावर पट्टी आहे. मोरागनी चहा विचारला, मी बोललो नाही. दूध किती विचारलं, मी बोललो नाही. त्यांना वाटलं मला राग आलाय. इथली माणसं, कोणाला राग आलाय असं वाटलं की माफी मागतात. एकेक जण येऊन दारात सॉरी म्हणून गेला, विक्रीवालेही. काही जणांनी माझे बूट बाहेर पाहून आपले बूट काढले. तीन तासांनी मी उठलो तेव्हा दाराबाहेर अकरा जोड होते आणि माझे सापडायला वेळ लागला. मग तोंड उघडून म्हटलं, दूध थोडंसं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं, पण डोळे उघडल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. तुम्ही आखणीच्या वेळी मूर्तीसमोर गुळाचा खडा ठेवता, की डोळे उघडताच पहिली नजर गोडावर पडावी. मला ते लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलंय की चाच्यांपुढेही मी काहीतरी गोड ठेवलं. (गूळ घरी संपला होता, शॉर्टब्रेड ठेवलं. म्हणजे इकडची नानकटाई.) ज्याला आपण डोळे देतो त्याला पहिलं दर्शन गोडाचंच द्यावं, पुढे तो काय करतो ते त्याचं नशीब, असा माझा विचार. परिणाम असा झाला की सत्तावीसही चाचे प्रसन्न झाले. बंड करणारे खलाशी आरतीला उभे असल्यासारखे दिसू लागले. एकाचा पिस्तूल रोखलेला हात चित्रात मी नक्की रोखलेलाच काढला होता, पण वर ते डोळे आल्यावर तो आशीर्वाद देतोय असं वाटायला लागलं. स्वयंपाक्याचं पोट मुळातच मोठं होतं, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

मोराग म्हणाल्या, व्हेरी इंटरेस्टिंग. इथे चित्र आवडलं तर म्हणतात वाईट नाही, आणि पोटात गोळा आला तर म्हणतात व्हेरी इंटरेस्टिंग, हे मला सहा वर्षांनी त्या क्षणी उमगलं. तरी त्यांनी सांभाळून घेतलं. किरकोळ चाचे प्रसन्न असले तर असोत, म्हणाल्या, धंद्यात सगळेच काही वाईट नसतात. पण बारावं चित्र मुखपृष्ठावर येणार होतं. त्यात कॅप्टन स्टर्क सहा प्रवाशांना निर्जन खडकावर उतरवून देतो आणि डेकवरून त्यांच्याकडे बघतो. त्या बघण्याने वाचकाच्या अंगावर काटा यायला हवा. माझा कॅप्टन बघून मोराग म्हणाल्या, हा त्यांना जेवून जा म्हणतोय. जूनच्या पहिल्या सोमवारपर्यंत कॅप्टनची नजर भयंकर झाली नाही तर ते चित्र केंब्रिजच्या एका चित्रकाराकडे जाणार होतं, जो सगळं कॉम्प्युटरवर करतो. आणि मुखपृष्ठ ज्याचं, त्याचंच नाव आतल्या पानावर. माझं नाव शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, छपाईचा कागद कुठून आणला त्याच्या खाली.

मग आमच्या घरात कॅप्टनला भयंकर करण्याची मोहीम सुरू झाली. सुप्रभाचं म्हणणं, गोडाने नजर गोड होते तर कडवटाने कडवट होईल. म्हणून कारलं आणलं. नव्या कागदावर नवा कॅप्टन, समोर कारलं, मौन, आखणी. कॅप्टन दुःखी झाला, पण भयंकर नाही, जेवायला आज काय आहे हे कळलेल्या माणसासारखा. मग सुप्रभाने तिच्या वरिष्ठ बाईंचा सुट्टी नाकारल्याचा ईमेल छापून आणला आणि तो समोर ठेवला. कॅप्टन एकदम नम्र झाला. मी समुद्रकिनारी जाऊन सीगलचे डोळे अभ्यासले. हे पक्षी माणसाच्या हातातलं खाणं पळवतात आणि त्यांची नजर खरोखर निर्दय असते. दोन दिवस त्यात गेले, एक सँडविचही गेलं. सीगलचे डोळे लावलेला कॅप्टन फक्त भुकेला दिसला. शेवटी आरशासमोर उभं राहून मी स्वतः रागावून पाहिलं. अन्वी मागून जात होती, म्हणाली, "बाबा, तुला शिंक येते का?" (तिचं मराठी असं आहे. मला अरेतुरे करते. तुम्हाला नाही करणार, तशी ताकीद दिली आहे.)

मला तेव्हा उमगलं की गेल्या अठ्ठेचाळीस वर्षांत मला नीट रागावताच आलेलं नाही. रागाने हात हलतो, असं तुम्ही सांगितलंत, मी रागच सोडून दिला. हात स्थिर राहिला हे खरं, पण आता हातात दुसरं काही येईना. देवाचे डोळे सोडून मला कोणाचेही डोळे काढता येत नाहीत, ही गोष्ट ऐकायला मोठी वाटते, पण चाच्यांच्या पुस्तकात ती अडचणच.

आणि मग त्या रविवारी, म्हणजे सोमवारच्या आदल्या दिवशी, सकाळी पूजा करून डोळे मिटून बसलो असताना लहानपणी पाहिलेली एक नजर आठवली. कोणाची ते इथे महत्त्वाचं नाही. एका आदरणीय गृहस्थांची म्हणू. मी उठलो, एक शब्द न बोलता ब्रश घेतला आणि कॅप्टनचे दोन्ही डोळे एका दमात घातले. समोर काही ठेवलं नव्हतं. सुप्रभा चहा घेऊन आली, तिने चित्र पाहिलं आणि आपोआप डोक्यावरून पदर घेतला. पदर नव्हता, स्वेटर होता, पण हात वर गेला. सोमवारी मोरागनी चित्र पाहिलं आणि खुर्चीत सरळ बसल्या. म्हणाल्या, मी काय केलंय ते मला माहीत नाही, पण मी केलंय असं वाटतंय. चित्र मंजूर झालं.

आता कॅप्टन स्टर्कबद्दल थोडं. तुमचा गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो की मी कादंबरी तीनदा वाचली आणि माझं मत बदललं आहे. माणूस फार कष्टाळू. स्वतःचं जहाज, चाळीस-पन्नास माणसं हाताखाली, सगळी वळण लावलेली. बाकीचे चाचे रम पितात, हा एकदाही पीत नाही. (सातव्या प्रकरणात पितो, पण तिथे ताप आलेला आहे.) पहाटे सगळ्यांच्या आधी उठतो. वेळ पाळतो. दोर नीट गुंडाळलेला नसेल तर पुन्हा गुंडाळायला लावतो. खून वगैरे आहेत, नाही असं नाही, पण ते प्रसंगाप्रसंगाने, आणि त्यात कुठेही अव्यवस्थितपणा नाही. मराठीत सांगायचं तर जहाजाचे व्यवस्थापक. आपल्या गावात असते तर देवस्थान समितीवर असते.

पत्र लांबलं. तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. काकूंना नमस्कार, कारखान्यातल्या मंडळींना आठवण. तुमचा आशीर्वाद डोक्यावर असावा, रेडिएटरपासून तेवढाच आधार.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
कमलाकर

ता. क. तुमच्याकडे आखणीचा जुना बारीक ब्रश असेल तर कोणी इकडे येणारं असेल त्याच्याबरोबर द्यावा. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच.

आणखी एक. कारण एवढंच नाही. पाकिटात एक इंग्रजी फॉर्म आणि परतीचं पाकीट ठेवलं आहे. मोरागनी विचारलं की हे डोळे कोणाचे, आणि एकादशी नसतानाही माझ्याने खोटं बोलवेना. मी म्हटलं, माझ्या काकांचे. इथला नियम असा की जिवंत माणसावरून चित्र काढलं तर त्याची लेखी संमती लागते. फॉर्म वाचण्यात वेळ घालवू नये, इंग्रजी कायद्याची आहे, आपल्या उपयोगाची नाही. तिसऱ्या ओळीत दोन-तीन कडक शब्द आहेत ते छापीलच आहेत, सगळ्यांना तेच येतात. फुली केली आहे तिथे सही करावी. जुलैच्या दहा तारखेपर्यंत मूळ कागद इथे पोचला नाही तर केंब्रिजचे गृहस्थ तयारच आहेत.

आणखी. पुस्तक दिवाळीला निघेल आणि एक प्रत मी शाळेच्या वाचनालयाला पाठवतो असं हेडमास्तरांना सहा महिन्यांपूर्वीच कळवून बसलो आहे. ते समारंभ करणार आहेत. अध्यक्ष तुम्हीच. त्या दिवशी काळा चष्मा असलेला बरा, एवढंच मला चष्म्याबद्दल म्हणायचं होतं.

शेवटचं. ती नजर तुम्हाला आठवत असेल. मी अकरा वर्षांचा होतो, चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोस्टमास्तरांच्या गणपतीचे डोळे मी तुम्हाला न विचारता घातले आणि त्याचा एक डोळा मोदकाकडे आणि दुसरा उंदराकडे गेला. तुम्ही आलात, मूर्तीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत. ते बघणं मी सदतीस वर्षं राग म्हणून जपून ठेवलं आणि तेच कॅप्टनला दिलं. काल अन्वीने छापायला जाण्याआधी चित्र पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हा कॅप्टन अँग्री नाही आहे. तो घाबरलाय. ते लोक बुडतील म्हणून." मी चित्राकडे तासभर बघत बसलो. पोस्टमास्तर पहाटे यायचे होते, रंग ओला होता, आणि पोर आता रडणार हे तुम्हाला दिसत होतं. तुम्ही मूर्तीचे डोळे पुसलेत, ब्रश परत माझ्याच हातात दिलात आणि वर स्वतःचा हात धरलात. आखणी झाल्यावर मूर्तीसमोरचा गूळ मला खायला दिलात, हे मी विसरूनच गेलो होतो. मोरागना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना कॅप्टन भयंकर वाटतो, तो तसाच वाटू द्या.

आणि वर लिहिलं आहे की कॅप्टनसमोर मी काही ठेवलं नव्हतं. आज एकादशी, खोटं लिहिलेलं राहायला नको. गूळ ठेवला होता. सही काळ्या शाईनेच करावी.